तोंडाने माफ केलं, पण मनाचं काय? (वाचकांचे प्रश्न)

या वेळच्या पत्रांमध्ये माफ करणं हा एकच विषय सारखा सारखा येत होता. कुणाला माफ करायचंय पण जमत नाहीये, कुणावर घरच्यांचा दबाव आहे, कुणाला स्वतःलाच माफ करता येत नाहीये. त्यातली सहा पत्रं निवडलीयत. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढलेत.

प्रश्न: ताई, वडिलांच्या आजारपणात भावाने एकदाही नीट चौकशी केली नाही, सगळं मी एकटीने केलं. वडील गेल्यावर मात्र कागदपत्रं घेऊन सगळ्यात आधी तोच हजर. घरात भांडण नको म्हणून मी सगळ्यांसमोर "झालं गेलं, माझ्या मनात काही नाही" असं म्हणून टाकलं. फोनवर पण नीट बोलते त्याच्याशी. पण रात्री आडवी झाले की सगळं परत डोक्यात सुरू होतं, छातीत धडधडतं. म्हणजे मी माफ केलंच नाहीये का? मी खोटी आहे का?

नाही हो, खोट्या कशाला असाल! तुम्ही अर्धं काम केलंयत आणि उरलेलं अर्धं अजून व्हायचंय, एवढंच आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन यांनी आयुष्यभर याच विषयावर काम केलंय, ते माफीचे दोन भाग मानतात. एक म्हणजे निर्णय, की मी याचा बदला घेणार नाही, याच्याशी माणसासारखं वागेन. हा एका मिनिटात घेता येतो आणि तो तुम्ही घेतलात, खरा घेतलात. दुसरा भाग भावनांचा, म्हणजे त्या माणसाची आठवण आली की आत जे ढवळून निघतं ते हळूहळू निवणं. हा भाग ठरवून एका दिवसात होत नाही, त्याला त्याचा वेळ लागतो.

धडधडीचं म्हणाल तर त्याच्यावर प्रत्यक्ष मोजमाप झालेलं आहे. २००१ साली होप कॉलेजमधल्या शार्लट विटव्लिएट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७१ विद्यार्थ्यांना, ज्यांनी त्यांना खरोखर दुखावलं होतं अशा माणसाबद्दल विचार करायला सांगितला. कधी झालेला अपमान परत परत उगाळायचा, मनात डूख धरायचा, आणि कधी त्या माणसाला माणूस म्हणून समजून घ्यायचं, माफ केल्याची कल्पना करायची. डूख धरताना हृदयाचे ठोके वाढले, रक्तदाब वाढला, तळहाताला घाम जास्त, कपाळावरचे स्नायू ताणलेले, आणि माफीच्या कल्पनेत हे सगळं कमी. म्हणजे समोर कुणी नाही, प्रसंग कधीचा होऊन गेलाय, तरी शरीर मात्र तो आत्ता घडत असल्यासारखंच वागतं. तुमचं रात्री तेच होतंय.

आता मला विचाराल तर तुमच्या बाबतीत खरी अडचण वेगळीच आहे. तुम्ही "मनात काही नाही" म्हणालात तेव्हा तुमच्या मनात काय काय आहे हे तुम्हाला कुणी विचारलंच नव्हतं, बहुतेक तुम्ही स्वतःही विचारलं नव्हतं. किती जागरणं केलीत, कुणाला फोन करून रडावंसं वाटलं आणि केला नाही, कागदपत्रं बघून पहिल्यांदा काय वाटलं, हे कुठे बोललाच नाहीत. जे कधी नीट मोजलंच नाही ते सोडून कसं देणार? म्हणून आधी ते मोजा. वही घ्या, रोज पंधरा-वीस मिनिटं, ओळीने तीन-चार दिवस, शुद्धलेखन बघू नका, कुणाला दाखवायचंही नाही. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ पासून या प्रकारच्या लिखाणाचा अभ्यास केलाय, त्यात एक गोष्ट दिसते ती आधीच सांगून ठेवते, लिहिल्या लिहिल्या त्या दिवशी उलट जास्त उदास वाटू शकतं. घाबरू नका, तो भाग आहे त्यातला.

मग पुढची पायरी, आणि ही अवघड आहे. भावाच्या जागी बसून एक पान लिहायचं, की त्या महिन्यांत त्याचं काय चाललं असेल. भीती? वडिलांना तसं बघवत नव्हतं? आधीचा काही राग? की निव्वळ स्वार्थ? तो बरोबर होता हे सिद्ध करायला नाही लिहायचं, तो माणूस म्हणून कसा चालतो हे आपल्याला दिसावं म्हणून लिहायचं. त्यानंतर आपल्याला कधीतरी कुणीतरी मोठ्या मनाने पोटात घातलंय असा प्रसंग आठवायचा, त्या वेळी किती हलकं वाटलं होतं ते, आणि तसंच आपण भावाला द्यायचं, त्याची लायकी न बघता. मग ते कुणा एका विश्वासातल्या माणसाला सांगायचं किंवा तारीख घालून लिहून ठेवायचं, कारण राग परत येणार, आणि आला की वाटणार सगळं वाया गेलं, तेव्हा ती तारीख उपयोगी पडते. ही वर्दिंग्टन यांचीच पद्धत आहे. तिच्यावरची वर्कबुक, जी साधारण तीन तासांत स्वतःची स्वतः सोडवता येते, कोलंबिया, दक्षिण आफ्रिका, युक्रेन, इंडोनेशिया आणि हाँगकाँग इथल्या ४,५९८ लोकांवर तपासली गेली आणि २०२४ मध्ये निष्कर्ष छापून आले. दोन आठवड्यांत अढी तर कमी झालीच, पण उदासी आणि चिंताही कमी झाली.

आणि हो, कागदपत्रांचा विषय वेगळा ठेवा. माफ केलं म्हणजे हक्क सोडला असं कुठेही नाही. वकिलाला भेटायचं असेल तर शांतपणे भेटा, त्याने तुमची माफी खोटी ठरत नाही.

प्रश्न: नवरा रागाच्या भरात खूप घाण बोलतो, दोनदा हात उचलला. नंतर रडतो, पाया पडतो, मी माफ करते. थोडे दिवस बरे जातात की परत तेच. सासूबाई म्हणतात बाईचं मन मोठं असावं, माफ केल्याने घर टिकतं. मी अजून किती माफ करायचं?

तुमच्या पत्राला मी सगळ्यात आधी उत्तर लिहायला घेतलं होतं, जागेच्या सोयीने दुसरं आलंय.

जिथे मार अजून थांबलेला नाही तिथे माफी हा पहिला प्रश्नच नाही, पहिला प्रश्न तुमच्या सुरक्षिततेचा. आज रात्री परत हात उचलला गेला तर तुम्ही कुठे जाणार, कुणाला फोन करणार, पैसे आणि कागदपत्रं कुठे आहेत, हे आधी ठरवा. घराबाहेरच्या एका तरी माणसाला खरं खरं सांगा. महिलांसाठीच्या हेल्पलाइनवर, डॉक्टरांना, पोलिसांना, जिथे तुम्हाला सेफ वाटेल तिथे. हे केल्याने तुम्ही मन लहान करत नाही आहात.

माफ केल्याने घर टिकतं म्हणतात ना, त्याच्यावरही अभ्यास झालाय. जेम्स मॅकनल्टी यांनी नवविवाहित जोडप्यांना लग्नानंतरची पहिली चार वर्षं पाहिलं. २०११ मध्ये त्यांनी मांडलं की ज्यांचा जोडीदार सहज माफ करणारा होता त्यांचं टाकून बोलणं आणि अंगावर हात टाकणं तसंच चालू राहिलं, आणि ज्यांचा जोडीदार इतक्या सहज माफ करत नव्हता त्यांचं ते कमी होत गेलं. त्याच्या आदल्याच वर्षी लॉरा लुचीज यांच्या गटाला दिसलं की समोरच्याने खरोखर भरपाई केली, वागणं सुधारलं, तर माफ करणाऱ्याचा स्वतःबद्दलचा आदर वाढतो, आणि नाही केली तर तोच आदर घटत जातो. तुमच्या मूळ पत्रात "मीच मूर्ख" हे तीन वेळा आलंय. ते कुठून आलं असेल हे आता तुम्हाला कळेल.

रडणं आणि पाया पडणं म्हणजे बदल नव्हे. बदल म्हणजे त्याने स्वतःहून मदत घेणं, समुपदेशकाकडे नियमित जाणं, इतर कुणासमोर कबूल करणं, आणि महिनोन् महिने न चुकणं. तेही झालं तरी परत एकत्र राहायचं की नाही हा निर्णय तुमचाच. मनातून एखाद्याला माफ करून सुद्धा त्याच्यापासून लांब राहता येतं, आयुष्यभर. माफी एकट्याने देता येते पण परत नातं जोडायला दोघं लागतात आणि विश्वास लागतो, तो मागून मिळत नाही, कमवावा लागतो. सासूबाईंना हे पटेल न पटेल, त्यांना पटवायची जबाबदारी तुमची नाही.

प्रश्न: लहानपणी वडिलांनी मला बेदम मारलंय. आता ते हयात नाहीत. कधी सॉरी म्हणाले नाहीत आणि आता म्हणणारही नाहीत. सगळे म्हणतात गेलेल्या माणसावर कसला राग, सोडून दे. कसं सोडू?

गेलेल्या माणसावर राग असतो, आणि तो जास्त अडकून बसतो, कारण भांडायलाही कुणी उरत नाही. तुमच्या रागात चुकीचं काहीच नाही. एक लहान मूल होतं, त्याला सांभाळायचं ज्याचं काम त्यानेच मारलं, यावर राग न येणं जास्त काळजीचं.

समोरच्याने माफी मागितली तरच माफ करता येतं असं असतं तर तुमचं मन कायमचं वडिलांच्या हातात राहिलं असतं, आणि ते तर आता नाहीत. रॉबर्ट एनराइट, विस्कॉन्सिन विद्यापीठातले, १९८५ पासून या विषयावर आहेत, त्यांची पद्धत चार टप्प्यांची आहे. पहिला टप्पा पूर्ण फक्त रागाला आणि नुकसानीला दिलेला आहे, काय काय गेलं ते उघड करायचं. माफ करायचं का हा निर्णय दुसऱ्या टप्प्यात येतो, मग समजून घेण्याचं काम, आणि शेवटी त्या दुःखातून आपल्या जगण्याला काही अर्थ सापडतो का हे बघणं. १९९६ मध्ये त्यांनी आणि सुझन फ्रीडमन यांनी, लहानपणी घरातल्याच माणसाकडून लैंगिक अत्याचार झालेल्या १२ स्त्रियांबरोबर केलेलं काम छापलं. प्रत्येकीबरोबर एकेकटीने, दर आठवड्याला, सरासरी चौदा महिने. उदासी आणि चिंता कमी झाली, आशा वाढली. ते चौदा महिने मुद्दाम सांगतेय, कारण "सोडून दे" म्हणणाऱ्याला दोन सेकंद लागतात आणि प्रत्यक्ष सोडणाऱ्याला एवढा काळ, तोही सोबत जाणकार माणूस असताना.

वडिलांना पत्र लिहा. "बाबा, तुम्ही मला अमुक दिवशी..." असं थेट. शिव्या आल्या तर येऊ द्या. आणि मग, लगेच नाही, वाटेल तेव्हा, त्यांचं स्वतःचं लहानपण कसं गेलं हे कुणाला माहीत असेल तर विचारून बघा, एखादी आत्या, काका. मारणाऱ्या बऱ्याच माणसांनी स्वतःही मार खाल्लेला असतो. हे कळलं म्हणून मार योग्य ठरत नाही, पण "माझ्यातच काहीतरी वाईट होतं म्हणून मला मारायचे" ही जी समजूत मुलं मनात धरून मोठी होतात ना, ती सुटायला याची मदत होते. आठवणींनी झोप उडत असेल, अंगाला कापरं भरत असेल, तर हे एकट्याने करू नका, थेरपिस्ट गाठा.

आणि शेवटी नाहीच जमलं माफ करायला, तर तुम्ही कमी पडलात असं बिलकुल नाही. राग तुमचा दिवस खात नाही एवढं जरी झालं तरी पुष्कळ.

प्रश्न: माफ केलं की गुन्हेगार मोकळा सुटतो. मग न्यायाला काय अर्थ? मला तर हे माफीचं सगळं दुबळेपणाचं तत्त्वज्ञान वाटतं.

माफीने कुणी सुटत नाही. तक्रार, खटला, शिक्षा, नुकसानभरपाई हे सगळं चालू ठेवून माफ करता येतं, कारण न्याय बाहेरचा आहे आणि माफी आतली. वर्दिंग्टन यांचं वर सांगितलं ना, १९९६ सालच्या अगदी सुरुवातीला त्यांच्या आईचा घरफोडीत खून झाला. माफीवर अभ्यास तर ते आधीपासून करत होते, आणि आता तीच गोष्ट स्वतःच्या आईच्या खुन्याच्या बाबतीत करायची वेळ आली. सुरुवातीला त्यांनाही भयंकर संताप आला होता, हे ते स्वतःच सांगतात. तरी त्यांनी माफ केलं. या माणसाला दुबळा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

उलट बदल्याच्या कल्पनेत ताकद वाटते पण त्यात आपली सकाळ-संध्याकाळ त्या माणसाच्या नावाने जाते. एवढं मात्र मी तुमच्या बाजूने म्हणेन, की माफीचा उपदेश नेहमी ज्याच्याकडे ताकद नाही त्यालाच केला जातो, दुखावणाऱ्याला "आधी तू भरपाई कर" असं कुणी सांगत नाही. याचा राग येणं अगदी रास्त आहे.

प्रश्न: मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी दुसरीकडे बोलले आणि त्यावरून तिचं ठरलेलं लग्न मोडलं. खूप वर्षं झाली. ती माझ्याशी बोलत नाही. मी रोज स्वतःला शिव्या देते. स्वतःला माफ करणं म्हणजे स्वतःला सूट देणंच ना?

सूट देणं म्हणजे "तीच जास्त मनाला लावून घेते", "कधीतरी कळलंच असतं की", असं म्हणून हात झटकणं. तुम्ही ते करत नाही आहात. पण रोज शिव्या देणं हेही भरपाईत धरता येत नाही. तुमच्या त्रासाने त्या मैत्रिणीला काय मिळतंय? काहीच नाही.

"मी वाईट वागले" आणि "मी वाईटच आहे" यात फार फरक आहे. पहिल्यातून माणूस उठून काहीतरी दुरुस्त करायला जातो, दुसऱ्यातून तोंड लपवून बसतो. कॅनडात कार्लटन विद्यापीठात मायकल वोल यांनी २०१० मध्ये ११९ विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, परीक्षेच्या अभ्यासाची चालढकल करणाऱ्यांचा. पहिल्या परीक्षेनंतर ज्यांनी त्या चालढकलीबद्दल स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. सूट मिळाली म्हणून अजून बिघडले असं नाही झालं. तुमचा विषय याहून कितीतरी मोठा आहे, कबूल, पण मन असंच चालतं.

तेव्हा आधी जबाबदारी पूर्ण घ्या, नेमक्या शब्दांत. मग तिला एक छोटं पत्र किंवा मेसेज पाठवा, एकदाच. मी काय केलं, त्याने तुझं काय नुकसान झालं हे मला कळतंय, मला त्याचं वाईट वाटतं, तू उत्तर द्यावंस अशी अपेक्षा नाही. त्यात "पण" घालू नका, तुमची तेव्हाची परिस्थिती सांगू नका आणि "मला माफ कर" असं मागूही नका, कारण मागितलं की तिच्यावर परत एक ओझं येतं. तिने पूर्वी स्पष्ट सांगितलं असेल की संपर्क करू नकोस, तर हे पत्र लिहून स्वतःजवळच ठेवा. तिचं ऐकणं हीच मग भरपाई. आणि यापुढे दुसऱ्याचं गुपित तुमच्याकडे आलं की ते तिथेच थांबेल, हे रोजच्या वागण्यात दिसू दे. एवढं केल्यावर सुद्धा कधी कधी खंत वर येईलच. येऊ दे. खंत राहिली तरी तुम्ही चांगलं जगू शकता, हसू शकता, नवीन मैत्रिणी करू शकता, त्यासाठी तिच्या परवानगीची वाट बघू नका.

प्रश्न: दोन्ही मुलं भांडली की मी मोठ्याला "सॉरी म्हण" आणि धाकटीला "माफ केलं म्हण" असं लावते. तो पुटपुटतो, ती रडत रडत म्हणते. हे बरोबर आहे का?

हेतू चांगला आहे पण घाई होतेय. मिशिगन विद्यापीठात ४ ते ९ वर्षांच्या मुलांबरोबर झालेल्या एका अभ्यासात मुलांना गोष्टी सांगून विचारलं, तर मनापासून माफी मागणारा मुलगा त्यांना आवडला, मग ती स्वतःहून असो की मोठ्यांनी हळूच सुचवल्यावर. जबरदस्तीने वदवून घेतलेली माफी मात्र, खास करून जरा मोठ्या मुलांना, लगेच ओळखू आली आणि तसा मुलगा त्यांना आवडला नाही.

आधी दोघांना शांत होऊ द्या, दहा मिनिटं, अर्धा तास. मग मोठ्याला विचारा, ती का रडली असेल, आता तिला बरं वाटायला तू काय करशील? तो तुटलेलं खेळणं जोडायला बसला तर त्यात सगळं आलं. आणि धाकटीला "माफ केलं" म्हणायला लावूच नका. तिला फक्त विचारा, कुठे लागलं, कशाचं वाईट वाटलं, आणि ती सांगेल ते मोठ्या भावाने पूर्ण ऐकायचं, मध्ये न बोलता. "माझा अजून राग गेला नाही" असं ती म्हणाली तर "बरं, गेला की सांग" म्हणा आणि तिला तिच्या खेळाला जाऊ द्या.